वटाण्याचा उपास

मित्रांनो, काचेला तोंड नसतं म्हणून तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं, असं समजू नका. मी एक जुनी काचपेटी आहे. शहरातले लोक मला फिशटँक म्हणतात. इथे कारंजा लाडच्या वेशीबाहेर सगळे मला 'मासोळ्याची पेटी' म्हणतात. माझा एक कोपरा फुटलेला आहे. घरात पाहुणा आला की आधी त्या कोपऱ्यावर बोट ठेवतो आणि "हे कसं झालं वं?" म्हणून विचारतो. मला याचा भारी राग येतो. अरे, माझ्यात कोण राहिलं, कोण जगलं, कोण गेलं, ते विचारा ना! कोपऱ्याचं काय घेऊन बसलात? आज तुम्ही माझ्यासमोर बसलाच आहात तर ऐका. गोष्ट रडवणारी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म अकोल्याच्या एका लहान दुकानात झाला. कारागिराने पाच काचा कापल्या, त्यांच्या कडा घासल्या, चिकट मसाल्याने जोडल्या आणि मसाला वाळल्यावर मला काठोकाठ पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या सकाळी त्याने माझ्याखाली हात फिरवून पाहिला. हात कोरडा निघाला. "पास झाली पोट्टी," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पुढे मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. तिथे माझ्यात सोनेरी मासे होते, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. आजारी माणसं माझ्यावर टेकत, मुलं टकटक करत, कुणी बिस्किटाचा चुरा टाकी, कुणी पेनाचं टोपण. मासे एकेक करून मेले. मग मला दुकानात परत धाडलं आणि दुकानदाराने पोटमाळ्यावर टाकून दिलं. तिथे माझ्यावर इतकी धूळ बसली की आपण काचेच्या आहोत हेच मी विसरून गेले.

मला खाली उतरवलं ते हरीओमने. हा शालिग्राम आणि मनकर्णाबाईंचा एकुलता एक मुलगा. आईवडील कारंज्याच्या मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, फुलकोबी पिकवून बाजारात विकत. पोरगा अकोल्यात राहून फौजेच्या भरतीची तयारी करत होता. सकाळी धावायचा, दुपारी माशांच्या दुकानात काम करायचा. त्याने मला साबण लावला नाही. साबणाचा अंश मागे राहतो आणि मासे मरतात, हे त्याला ठाऊक होतं. खडेमीठ घेऊन त्याने मला घासघास घासलं आणि मला पुन्हा लख्ख दिसायला लागलं. मग पुढची तयारी घरूनच करायची ठरवून, मालकाला विचारून तो मला घरी घेऊन निघाला. गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर बसवून.

"लेकरू हाये का राजा? अर्धं तिकीट काढावं लागन," कंडक्टर म्हणाला आणि सगळी एसटी हसली. मूर्तिजापूरच्या आधी गाडी खड्ड्यात आदळली आणि माझा कोपरा गेला. झालं समाधान?

घरी आल्यावर हरीओमने मला पुढच्या खोलीत, देवघरासमोरच्या ओट्यावर बसवलं. तळाशी वाळू घातली, दाट झाडं लावली, बुडबुडे सोडणारा स्पंज एका कडेला उभा केला, तीन बादल्या पाणी भरलं आणि मासे मात्र आणलेच नाहीत. महिना गेला तरी नाहीत. शेजारच्या बेबीबाई रोज डोकावून जायच्या.

"काय रे हरीओम, मासोळ्या दिसून नाई राह्यल्या. का मले चष्मा लागला?"

"पानी पिकून राह्यलं, काकू."

"पान्याले काय आंबा समजला का रे?"

शालिग्राम मात्र हसले नाहीत. ताजं शेण झाडाला घातलं तर झाड जळतं, तेच कुजलं की खत होतं, हे त्यांच्या रोजच्या कामातलं. "पोट्टं बरोबर बोलून राह्यलं," ते म्हणाले. "माशाची घान पचवाले पान्यात आधी काईतरी तयार व्हावं लागत असन." अगदी तसंच होतं, मित्रांनो. डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव माझ्या वाळूत आणि स्पंजात घर करतात, तेव्हाच माझं पाणी माशांना सोसतं. हे ज्यांना कळत नाही ते पेटी आणतात, त्याच संध्याकाळी मासे सोडतात आणि आठवड्यात पेटी विकायला काढतात. दोष मात्र पेटीचा!

मग एके दिवशी हरीओम पाण्याच्या पिशवीत तीन मासे घेऊन आला. फुगा मासे म्हणतात त्यांना. केरळाकडच्या नद्यांतले, गोड्या पाण्यातले. घाबरले की फुगतात म्हणून हे नाव. अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान, पिवळसर हिरवे, पाठीवर काळे ठिपके. दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरत. मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "अरे बापा, हे मासोळ्या हायेत का वटाने?" झालं! नराचं नाव वटाण्या पडलं आणि मग दोन्ही माद्या चवळी आणि तुरी झाल्या.

पण आकारावर जाऊ नका. वटाण्या म्हणजे एक नंबरचा भांडखोर. बेबीबाईंनी हौसेने त्यांच्या टाक्यातले दोन गप्पी मासे आणून सोडले, तर संध्याकाळपर्यंत वटाण्याने त्यांच्या शेपट्यांची चाळणी केली. हरीओमने ते बिचारे मळ्यातल्या हौदात नेऊन सोडले. "याच्यासंगं दुसरं कोनी नाई नांदत, काकू," तो म्हणाला. चवळी-तुरीलाही तो सुखाने बसू द्यायचा नाही. म्हणूनच हरीओमने झाडं दाट लावली होती. एकमेकांच्या नजरेआड झाले की त्यांचं भांडण मिटायचं.

आणि खाण्याचे नखरे काय सांगू! कोरडं खाणं टाकलं की वटाण्या ते तोंडात धरायचा आणि थुंकून द्यायचा. त्याला हलतं, जिवंत खाणं लागायचं. मळ्यातल्या सिमेंटच्या हौदात मेथीच्या दाण्याएवढ्या गोगलगाई होत्या. त्यातली एक टाकली की वटाण्या जागीच थांबायचा, मान वाकडी केल्यासारखा तिला न्याहाळायचा आणि झटक्यात तोंड मारायचा. थोड्या वेळाने रिकामा शंख तळाशी आणि वटाण्याचं पोट टम्म. मनकर्णाबाईंना हे बघवायचं नाही. त्या तेवढ्यापुरत्या स्वयंपाकघरात निघून जायच्या.

दोन पावसाळे असे गेले आणि हरीओम फौजेत लागला. गल्लीत पेढे वाटले गेले. निघायच्या दिवशी तो आईला घेऊन माझ्यासमोर बसला.

"माय, दर आठोड्याले तीन हिस्स्यातलं एक हिस्सा पानी बदलजो. नळाचं पानी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवजो, त्याच्यातली दवा उडून जाऊ दे. स्पंज नळाखाली धुजो नको, पेटीतून काढलेल्या पान्यातच दाबजो. अन् हे कोरडं खात नाईत. हालतं पायजे, जितं पायजे."

"होव रे बापू. तुले न्हाऊ-माखू घातलं, तसं यायले घालीन."

"अन् पोट पायत जाजो माय. पोट गोल तं मासा खुशाल. पोट आत गेलं का समजजो, काईतरी चुकून राह्यलं."

पोरगा गेला. त्या दिवशी मनकर्णाबाई माझ्या काचेला कपाळ टेकवून खूप वेळ बसल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला पदर हातात होता, पण पुसायचं त्यांना सुचलं नाही.

पण काय सांभाळलं त्यांनी मला! सगळं वर्षभर माझी काच अशी होती की पाहुणे हात लावून बघायचे, काच आहे की नाही. उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडात ऊन काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी तापलं की मासे गुदमरतात. बाई माझ्याभोवती ओलं पोतं गुंडाळायच्या, बर्फाची बंद बाटली पाण्यावर तरंगत ठेवायच्या. गोगलगाई टाकायला त्यांचं मन धजत नसे, पण पोराने सांगितलंय म्हणून त्या तोंड फिरवून वाटी उपडी करायच्या. हरीओमचा व्हिडिओचा फोन आला की तो आधी विचारायचा, "वटाण्या कसा हाये?" मग फोन माझ्यासमोर धरला जायचा आणि वटाण्या काचेशी येऊन एका डोळ्याने फोनकडे आणि एका डोळ्याने बाईंकडे बघायचा. "पाय, वळखते तुले!" बाई म्हणायच्या. मला सुखाचे दिवस कधी म्हणून आठवले तर ते हेच.

आषाढात हरीओमची बदली झाली. कुठल्याशा उंच ठाण्यावर, जिथे बारमाही बर्फ. "तिकडे रेंज नाई राहात माय, फोन नाई आला तं घाबरजो नको," एवढं सांगून त्याचा फोन थांबला तो थांबलाच. इकडे टीव्हीवर माणसं ओरडून बातम्या सांगत. सीमेवर हे झालं, सीमेवर ते झालं. बाई टीव्ही बंद करायच्या, परत लावायच्या, परत बंद करायच्या. भाकर तव्यावर करपायची. एकदा मळ्यातून आणलेली मेथी त्या निवडायला बसल्या आणि पानं टाकून काड्या टोपलीत भरल्या.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. चार महिने बायामाणसं काही ना काही नेम धरतात. कुणी वांगी सोडतं, कुणी एकवेळ जेवतं, कुणी रोज वाती करतं. त्या सकाळी मनकर्णाबाई ओल्या केसांनी देवघरासमोर बसल्या. मी समोरच, सगळं ऐकत होते.

"देवा, कार्तिकीपर्यंत माह्या घरात एकबी जीव मरनार नाई. मुंगीसुदा नाई. तेवढं मी सांभाळते. तू माह्या पोराचा जीव सांभाळ."

त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. आणि माझ्यातले तिघे त्या वेळी खाण्याची वाट पाहत काचेशी येऊन थांबले होते.

नेम त्यांनी असा पाळला की काय सांगावं. झुरळ दिसलं की सुपलीत धरून अंगणापार. उंदराचा पिंजरा माळ्यावर गेला. फुलकोबीत अळी निघाली तर पानासकट बाहेर. शालिग्राम चेष्टेने म्हणाले, "मळ्यातल्या अळ्यायचं काय करू? पाट-पानी मांडू का?"

"मळ्याचं पाप-पुन्य तुमचं. घराचं माह्यं."

नेम धरला त्याच दिवशी दुपारी त्या गोगलगाईंची वाटी घेऊन माझ्यासमोर आल्या. वाटीतली एक गोगलगाय हळूहळू कडेवर चढली, तिने बारीक शिंगं बाहेर काढली आणि ती जणू वाट शोधू लागली. बाई बघत राहिल्या. "हेबी कोनाचं तरी लेकरूच असन," त्या पुटपुटल्या. वाटी तशीच घेऊन त्या मळ्यात गेल्या आणि गोगलगाई हौदात सोडून आल्या.

मग मासोळ्यांनी खायचं काय? बेबीबाईंनी तोड काढली. "नैवेद्याच्या पानातलं घाल वं. देवाचा प्रसाद खाल्ला तं वाघसुदा गरीब व्हते."

आणि मित्रांनो, माझ्यात भात पडू लागला. वरण-भाताची मऊ शितं, राजगिऱ्याचा चुरा, साजूक तुपातला शिरा. बाई इतक्या मायेने घालायच्या की घासाला नावं ठेवायला मला लाज वाटायची. वटाण्या प्रत्येक शीत तोंडात धरायचा आणि थुंकायचा. चवळी, तुरी नुसत्या हुंगायच्या. खाली पडलेला भात नासायचा, तुपाचा तवंग यायचा, पाणी दुधासारखं व्हायचं. मग बाई चहाच्या गाळणीने शितं वेचायच्या, रोज बादलीभर पाणी बदलायच्या, कमरेत उसण भरली तरी बदलायच्या. "खा ना रे राजा, एक घास तरी खा," अशी विनवणी करायच्या. पोराला न्हाऊ-माखू घालावं तसंच चाललं होतं सगळं. फक्त मासे उपाशी होते.

हळूहळू तिघांची पोटं आत गेली. डोकं मोठं दिसायला लागलं आणि अंग काडीसारखं. उपाशी माणूस चिडचिडा होतो, वटाण्या तर मुळातलाच भांडखोर. तो झाडांतून चवळीला हुसकायचा, तुरीचे पर तोडायचा. मी काच, मी काय करणार! माझ्या आत तिघे मरत होते, माझ्या बाहेर एक माय रडत होती आणि मधे मी. मी आरपार दिसते, मित्रांनो, पण मला हलता येत नाही. त्या दिवसांत मला माझ्या काचपणाची चीड आली.

शालिग्रामच्या लक्षात आलं. हे मळ्यातले गृहस्थ फार बोलत नसत. एके दुपारी बाई बेबीबाईंकडे गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत गोगलगाई होत्या. वटाण्याला वास आला असावा, तो काचेशी धावला. पुडी उघडून शालिग्रामचा हात माझ्यावर आला तोच दारातून आवाज आला.

"माह्या पोराच्या जिवावर उठले का तुमी?"

शालिग्राम दचकले. पुडी जमिनीवर सांडली. बाईंनी खाली बसून एकेक गोगलगाय पदरात वेचली.

"पोरगा माहाबी हाये ना वं," शालिग्राम म्हणाले. "पन याचं पोट पाय. त्यानंच सांगतलं व्हतं ना, पोट पायत जाजो म्हनून?"

"पायते मी. रोज पायते. आंधळी नाई मी! पन देवाजोळ शब्द टाकला, आता काय करू? मासोळीसाठी शब्द मोडू अन् तिकडे माह्या लेकराले काई झालं तं?"

शालिग्राम टोपी डोक्यावर ठेवून मळ्यात निघून गेले. वटाण्या बराच वेळ काचेशी थांबून होता.

तुरी गेली ती त्याच आठवड्यात. सकाळी बाई पाणी बदलायला आल्या तेव्हा ती झाडाच्या मुळाशी आडवी पडली होती, वाळलेल्या सालीसारखी. बाईंनी तिला तळहातावर घेतलं. घरात एकही जीव मरणार नाही, असा नेम होता ना? घरात जीव मेला होता. त्यांना वाटलं, आता तिकडे बर्फात काहीतरी होणार. त्या हातात मासोळी घेऊन देवघरासमोर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. शालिग्राम धावत आले. त्यांनी आधी बाईंना पाणी दिलं. मग जवळ बसून म्हणाले, "हरीओमची माय, एक विचारू का? देवानं थ्या मासोळीले दात देल्ले ना? थे काय भातासाठी देल्ले? गोगलगाईचा जीव तू वाचवला, होव. पन इचा जीव तुले कोनं घ्याले सांगतला व्हता?"

दिवसभर बाईंनी चूल पेटवली नाही. दुपारी झिमझिम पाऊस होता. त्या तशाच उठल्या, डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि एकट्याच हौदाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा वाटी भरलेली होती. देवघराकडे त्यांनी पाठ केली नाही. समोर उभं राहून म्हणाल्या, "देवा, मोडते मी नेम. काय शिक्षा द्याची थे मले दे. पोराले हात लावजो नको." आणि वाटी माझ्यात उपडी केली. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

चवळी झाडातून बाहेर आली. आधी घाबरली, मग तिने एका गोगलगाईला तोंड मारलं, मग दुसरीला. बाईंच्या तोंडून हुंदका निघाला. वटाण्याही आला. तोच तो, सगळ्यांवर धावून जाणारा. गोगलगाईसमोर थांबला, तिला न्याहाळलं, तोंड उघडलं. पण जबड्यात जोरच राहिला नव्हता. त्याने पुन्हा तोंड मारलं, पुन्हा सुटलं. ती गोगलगाय सावकाश त्याच्या शेपटीला घासून पुढे गेली आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

मग मनकर्णाबाईंनी जे केलं ते मी विसरणार नाही. मुंगी मरू नये म्हणून फुंकर घालून झाडणाऱ्या त्या बाईने पाण्यात हात घातला, एक गोगलगाय काढली आणि दोन बोटांत चिरडली. आतला बारीकसा मऊ तुकडा काडीच्या टोकाला लावून त्यांनी वटाण्याच्या तोंडाशी धरला. "घे रे बापू. घे ना. आता तं घे!" त्याने तो तोंडात घेतला. थोडा वेळ धरला. मग तो तोंडातून गळून पडला. संध्याकाळपर्यंत बाई काडी धरून बसल्या होत्या.

सकाळी वटाण्या वाळूवर पडलेला होता. दोन्ही डोळे, पहिल्यांदाच, एकाच दिशेला बघत होते. शालिग्रामने त्याला मळ्याच्या बांधावर, आधी पुरलेल्या तुरीच्या शेजारी पुरलं. बाई घरातच थांबल्या. त्यांनी माझी काच पुसायला घेतली आणि पुसतच राहिल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी फोन वाजला. हरीओम होता! धडधाकट, हसणारा, नाक उन्हाने सोललेलं. बाईंनी आधी नुसतं त्याला डोळे भरून पाहिलं.

"खुशाल हाव माय, रडू नको. खाली उतरलो, आता रेंज हाये. वटान्याले दाखव ना."

बाईंनी फोन माझ्यासमोर धरला. झाडांतून एकटी चवळी बाहेर आली. हरीओम हसायचा थांबला. बाईंना म्हणता आलं असतं, आजारी पडला, म्हातारा झाला, पाणी बिघडलं. त्यांनी यातलं काही म्हटलं नाही. नेम, गोगलगाई, भात, चिरडलेला तुकडा, सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"माय," तो म्हणाला, "नेम माह्यासाठी धरला व्हता ना?"

"होव रे."

"मंग उपास तू धराचा ना वं. त्याले काहून धराले लावला?"

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज लहान मुलासारखा फुटला होता. बाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात रेंज गेली. त्या बंद पडलेल्या फोनलाच सांगत राहिल्या, "चुकलं रे बापू. माह्यं चुकलं." ते त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही. नंतर फोन आले, बोलणं झालं, पण तो विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

मित्रांनो, मी मनकर्णाबाईंना दोष देत नाही. तुम्हीही देऊ नका. त्यांच्याइतकं मायेने मला कुणी सांभाळलं नाही, आणि त्याच मायेत माझा वटाण्या उपाशी मेला. म्हणून हात नसलेली मी, हात जोडून तुम्हाला विनवते. एखादा जीव घरी आणलात तर आधी त्याला विचारा, तुला काय लागतं? तो बोलणार नाही. त्याचं पोट बघा, त्याचे दात बघा, तो काय थुंकतो ते बघा, तेच त्याचं बोलणं. त्याचं खाणं तुमच्या मनाला झेपत नसेल तर त्याला आणूच नका, त्यात काही कमीपणा नाही. पण आणल्यावर तुमचं सोवळं, तुमचा नेम, तुमची आवड त्याच्या ताटात वाढू नका.

चातुर्मास संपला, कार्तिकी एकादशी आली. बाईंनी त्या दिवशी निर्जळी धरली. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, ओठ सुकले होते. तरी देवासमोर दिवा लावण्याआधी त्या हौदावर जाऊन आल्या. वाटीतल्या गोगलगाईंना त्यांनी हात जोडले, "माफ करजो माय," म्हणाल्या आणि चवळीला पोटभर खायला घातलं.